घरचा नेट प्लॅन निवडताना

• वेग : फुल एचडीसाठी ५, तर ४केसाठी १५ एमबीपीएस वेग नेटफ्लिक्स सुचवते. घरात एकाच वेळी जेवढे स्क्रीन चालतात, त्यांची बेरीज करा.

• डेटा : ४के पाहताना तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. ‘अनलिमिटेड’ प्लॅनची मासिक मर्यादा आणि ती संपल्यावरचा वेग आधी विचारून घ्या.

• गेमिंग : खेळताना डेटा थोडाच लागतो, खरे महत्त्व पिंगला, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर येण्याच्या वेळेला. तो ५० मिलिसेकंदांच्या आत असावा. वाय-फायऐवजी राउटरची केबल थेट जोडा.

• डाउनलोड : १०० जीबीच्या गेमला १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास लागतात, ४० वर साडेपाच.

• खर्च : दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, तेही पाहा.