कौंडण्यपूरचं वय: आकाश काय सांगतं, पांढरी काय सांगते

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर वसलेलं आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचं माहेर म्हणून साऱ्या वऱ्हाडाला ते ठाऊक आहे. आषाढीला इथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते आणि ही परंपरा १५९४ पासूनची मानली जाते. अशा गावाबद्दल अलीकडे एक वाक्य फार ठामपणे कानावर पडतं: “हे पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे, विज्ञानानं सिद्ध झालंय.” कुणी हा आकडा साडेसात हजारांवर नेतं. कृष्ण-रुक्मिणीचा काळ म्हणजे भारतीय युद्धाचा, महाभारतातल्या युद्धाचा काळ, असं धरून त्यासाठी ग्रहणांचे, ग्रहयुतींचे, संगणकावर काढलेल्या आकाशाचे दाखले दिले जातात. गावावर माया आहे म्हणूनच हे दाखले नीट तपासायला हवेत.

गैरसमज: भारतीय युद्धाचं साल खगोलशास्त्रानं पक्कं केलेलं आहे.

साल एक नाही, अनेक आहेत, आणि त्यांच्यात हजारो वर्षांचं अंतर आहे. ऐहोळे इथल्या जैन मंदिरावर दुसऱ्या पुलकेशीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. शके ५५६, म्हणजे इ.स. ६३४ च्या सुमारास तो कोरला गेला. रविकीर्ती या कवीनं त्यात भारतीय युद्धाला ३७३५ वर्षं झाल्याचं नोंदवलं आहे. त्यावरून साल निघतं इ.स.पू. ३१०२ च्या जवळपास. वराहमिहिरानं वृद्धगर्गाच्या आधारानं युधिष्ठिराचा काळ शकापूर्वी २५२६ वर्षं सांगितला, म्हणजे इ.स.पू. २४४८ च्या आसपास. पुराणांनी परीक्षितापासून नंदापर्यंत जी वर्षं मोजली आहेत, त्यांच्या एका पाठावरून आपण इ.स.पू. चौदाव्या-पंधराव्या शतकात येतो. हस्तिनापूरला १९५० ते ५२ मध्ये उत्खनन करणारे बी. बी. लाल यांनी राखाडी रंगीत खापरांच्या थराशी महाभारताची सांगड घातली आणि काळ सुचवला इ.स.पू. नवव्या शतकाच्या आसपासचा. पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक यांनी ‘स्वयंभू’ या ग्रंथात १६ ऑक्टोबर इ.स.पू. ५५६१ ही थेट तारीखच दिली.

बहुतेकांनी आधार घेतला तो ग्रंथांतल्या आकाशाचा किंवा कालगणनेचा, आणि तरी उत्तरांत साडेचार हजार वर्षांहून जास्त फरक पडला. एवढ्या फरकानंतर ‘सिद्ध झालंय’ हा शब्द वापरता येत नाही.

यातलं सगळ्यांत लोकप्रिय साल इ.स.पू. ३१०२. कलियुगाचा आरंभ त्या वर्षीच्या १७-१८ फेब्रुवारीचा धरतात, आणि त्या क्षणी सगळे ग्रह मेषारंभी एकत्र होते असं सिद्धान्तग्रंथ मानतात. आजच्या गणितानं ते आकाश पाहिलं, तर ग्रह एका बिंदूत नव्हते. चाळीसहून जास्त अंशांच्या पट्ट्यात ते पसरलेले होते. कलियुगाच्या या मोजणीचा पहिला भक्कम ज्योतिषीय आधार आर्यभटाकडे मिळतो. कलीची ३६०० वर्षं उलटली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असं तो सांगतो. ते वर्ष इ.स. ४९९. तेव्हा ग्रहांच्या मध्यमगतींवरून मागे मागे मोजत जाऊन गणिताला सोयीचा असा आरंभबिंदू ठरवला गेला, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात फसवणूक काही नाही. पंचांग करणाऱ्याला मोजणीसाठी एक शून्य लागतंच. पण त्या शून्याच्या वेळी कुणीतरी उभं राहून आकाश पाहिलं होतं, असा त्याचा अर्थ होत नाही.

गैरसमज: महाभारतातली ग्रहस्थिती संगणकात घातली की तारीख बाहेर पडते.

संगणक चूक करत नाही, हे खरं. अडचण आहे ती आपण त्याला काय देतो यात. उद्योगपर्वात शनी रोहिणीला पीडा देतो असं येतं. भीष्मपर्वात तोच शनी गुरूसह विशाखांजवळ सांगितला आहे. मंगळ एका ठिकाणी ज्येष्ठेत वक्री, दुसऱ्या ठिकाणी मघेत वक्री. शनीला राशिचक्राची एक फेरी करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात; एकाच युद्धाच्या तोंडावर तो रोहिणीत आणि विशाखांजवळ अशा दोन्ही ठिकाणी असू शकत नाही. मग प्रत्येक संशोधक आपल्याला जुळणारा श्लोक धरतो, न जुळणाऱ्याचा अर्थ दृष्टी, वेध किंवा रूपक असा लावतो, आणि तारीख मिळवतो. श्लोक निवडायची मुभा असेल, तर जवळपास कोणत्याही सहस्रकात एखादं वर्ष बसवता येतं.

अरुंधतीच्या उल्लेखाचं तसंच आहे. वसिष्ठ ताऱ्याच्या पुढे अरुंधतीचा तारा गेला, या भीष्मपर्वातल्या वचनावरून इ.स.पू. ५५६१ चं समर्थन केलं जातं. हे वचन ज्या अध्यायांत येतं, त्यांत गायींना गाढवं होतात, अशीही लक्षणं दिली आहेत. सगळी यादी अपशकुनांची आहे. जे कधी घडत नाही ते घडू लागलं, म्हणून ते भयंकर, हा कवीचा हेतू. यातलं एकच वाक्य वेधशाळेतली नोंद मानायचं आणि बाकीची सोडून द्यायची, याला मला तरी आधार दिसत नाही.

ग्रहणांची अडचण निराळी आहे. चंद्राच्या ओढीमुळे पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावत आलं आहे, आणि ते नेमकं किती मंदावलं हे जुन्या ग्रहणनोंदींवरूनच काढावं लागतं. उपयोगी पडतील अशा नोंदी इ.स.पू. आठव्या शतकाच्या मागे जवळजवळ नाहीत. त्यामुळे पाच हजार वर्षांपूर्वीचं एखादं ग्रहण कोणत्या दिवशी झालं हे सांगता येतं, पण ते कुरुक्षेत्रातून खग्रास दिसलं की आणखी कुठून, यात वेळेची, आणि म्हणून हजारो किलोमीटरची चूक सहज होऊ शकते.

आणि मुळात ग्रंथ एका काळाचा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, १९६६ मध्ये ते पुरं केलं. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं पाहिली. पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेला ग्रंथ या कामातून समोर येतो. त्यातलं आकाशही थराथरांचं आहे. नक्षत्रांची यादी कुठे कृत्तिकांपासून सुरू होते, कुठे धनिष्ठेचा आरंभ सुचवला जातो, तर आश्वमेधिकपर्वात श्रवणाला पहिलं म्हटलं आहे. ही वेगवेगळ्या शतकांची स्मरणं आहेत. त्यांतलं एक उचलून साऱ्या कथेला लावता येत नाही.

गैरसमज: मग आकाशाचा पुरावा निरुपयोगीच.

हाही तितकाच मोठा गैरसमज. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो; एक डुलणं पुरं व्हायला सुमारे २५,८०० वर्षं लागतात. त्यामुळे संपातबिंदू ७२ वर्षांत एक अंश, तर साधारण ९६० वर्षांत एक नक्षत्र सरकतो. वेदांग ज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठेच्या आरंभी सांगितला आहे. ही कवीची उपमा नसून पंचांगकर्त्यानं दिलेली मोजणी आहे, आणि तिच्यावरून इ.स.पू. चौदाव्या ते बाराव्या शतकाच्या सुमाराचं आकाश मिळतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात शतपथ ब्राह्मणातल्या कृत्तिकांच्या उल्लेखावरून इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काळ मांडला. त्याच्या अर्थावर आजही वाद चालू आहे. पण दीक्षित वचन कुठलं, गणित कसं केलं आणि मर्यादा काय, हे सारं वाचकापुढे ठेवतात. वाद घालायचा तो असा.

उत्तरायणाचाच विषय निघाला म्हणून सांगतो: मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं. दोन्ही एकत्र असायची ती इ.स. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस. भीष्मांच्या देहत्यागाची तारीख आजच्या संक्रांतीवरून मोजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

गैरसमज: आकाशातून कोसळलेल्या आपत्तीनं प्राचीन वऱ्हाड उद्ध्वस्त झाला, लोणार त्याची साक्ष आहे.

जुन्या नगरीची टेकाडं ‘पालथी पडलेली’ आहेत ही कथा अनेक ठिकाणी ऐकायला मिळते, आणि तिला आता लोणारची जोड दिली जाते. लोणारचं विवर उल्कापातानंच झालं, यात शंका उरलेली नाही. आघाताच्या दाबानं तयार झालेली काच तिथल्या बेसाल्टमध्ये सापडली आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्याच्या वयाबद्दल मात्र खराच वैज्ञानिक वाद आहे. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीनं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापट फरक! तरीही दोन्हींपैकी कुठलंही वय पाच-सात हजारांच्या जवळपास येत नाही. लोणारनं कुठलीही नगरी बुडवली नाही, कारण तेव्हा पृथ्वीवर नगरी नावाचा प्रकारच नव्हता.

विदर्भाच्या आकाशातून वस्तू आजही पडतात. २२ मे २०१२ ला काटोलजवळ उल्कांचा वर्षाव झाला. २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीला धातूची कडी पडली; ती रॉकेटचा अवशेष निघाली. दोन्ही वेळी गावं जागच्या जागी राहिली.

गैरसमज: कौंडण्यपूरच्या उत्खननात भीष्मकाचा राजवाडा सापडला.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी इथे उत्खनन केलं, आणि अहवाल १९६८ मध्ये निघाला. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, थरांत काळ्या-तांबड्या खापरांची, लोखंड वापरणारी वस्ती आणि तिच्यावर सातवाहन काळापर्यंतची वस्ती मिळाली. राजवाडा, राजाचं नाव किंवा पाच हजार वर्षांचं नगर मिळालेलं नाही. ही काळी-तांबडी खापरं विदर्भाच्या शिळावर्तुळांच्या संस्कृतीत सगळीकडे भेटतात: माहुरझरीला घोडे पुरलेले सापडले, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. ही संस्कृती मुख्यतः इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली.

रुक्मिणीच्या माहेराचा मान अरुणाचलातलं भीष्मकनगरही सांगतं. कृष्णानं रुक्मिणीला नेलं ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून, अशीही श्रद्धा आहे. श्रद्धेच्या जागा एकाहून अधिक असू शकतात. वस्तीचं वय मात्र त्या त्या मातीतूनच काढावं लागतं. जळलेलं धान्य किंवा कोळसा थरातून जपून काढला, तर कार्बन-१४ वरून काळ कळतो. त्यातही धान्य बरं, कारण ते एकाच हंगामाचं असतं. कोळसा शेकडो वर्षं जगलेल्या झाडाच्या गाभ्याचा असू शकतो.

साठ वर्षांपूर्वीच्या त्या उत्खननानंतर पद्धती फार पुढे गेल्या आहेत. कौंडण्यपूरला नव्यानं, शास्त्रशुद्ध उत्खनन व्हावं अशी मागणी वऱ्हाडकरांनी लावून धरायला हवी. तोवर एवढं तरी करा: नदीकाठच्या पांढरीवर खापर, मणी, नाणं दिसलं तर उचलू नका, माती खणून शेतात नेऊ नका, जागा लक्षात ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. थरातून सुटलेलं खापर काळ सांगू शकत नाही.