नव्या गावी मन रुजताना

बदलीचा हुकूम हाती पडला की माणसाचे सामान दोन दिवसांत हलते. मन हलावयास मात्र पुष्कळ अवधी लागतो. समजा, चिपळूणकडील एक गृहस्थ बढतीवर कोलकात्यास आले आहेत. कचेरी एस्प्लनेडला; पण बसचा वाहक पुकारतो ‘धर्मतला’, आणि दोन्ही नावे एकाच ठिकाणाची हे यांना ठाऊक नाही. ताटात भात आणि मासा ओळखीचाच, पण नारळाच्या जागी मोहरी आलेली. दिवसभर गर्दीत वावरूनही, आपुलकीने विचारपूस करणारे कोणी नाही.

पहिले काही दिवस मन उदास व्हावे, हे स्वाभाविकच होय. परंतु महिना लोटला तरी झोप लागत नाही, बदलीवाचून दुसरा विचार सुचत नाही, कामाचे कागद तसेच पडून राहतात, घरच्यांशी बोलणेही नकोसे होते. तेव्हा ही नुसती घरची ओढ राहिलेली नसते. या अवस्थेस मानसशास्त्रात समायोजन-विकार म्हणतात. निवृत्ती, घटस्फोट, दीर्घ आजार, नोकरी सुटणे यांतूनही तो उद्भवतो. बढतीसारख्या सुखाच्या बदलातूनही उद्भवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणानुसार त्याची लक्षणे घटनेनंतर साधारणतः महिन्याभरात दिसतात, आणि ताणाचे कारण कायम नसेल तर बहुधा सहा महिन्यांत ओसरतात.

‘मन घट्ट कर’ हा उपदेश येथे उपयोगी पडत नाही. लावणीनंतर भाताचे रोप काही दिवस पिवळे पडते. तो रोपाचा दोष नव्हे. नवी मुळे फुटेपर्यंत त्यास पाणी मात्र हवे. माणसाला ते पाणी नित्यक्रमातून मिळते. झोपेची व जेवणाची वेळ ठरलेली असावी. सकाळी मैदानावर फेरी मारावी. बंगालीतले चार शब्द रोज शिकावेत, एखाद्या शेजाऱ्याशी ओळख वाढवावी. बदलीचा हुकूम आपल्या हाती नाही, पण आजची संध्याकाळ आहे, हा विवेक करावा. मद्याचा आधार घेऊ नये. त्याने झोपही बिघडते आणि मनही.

एवढ्याने भागले नाही तर समुपदेशकाकडे जाण्यात संकोच कसला? याच शहरात १९३३ साली डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. ताप-खोकल्याच्या रुग्णालयातच मनाच्या दुखण्यालाही जागा मिळाली, हे त्याचे महत्त्व. बोलून मन मोकळे करणे व अडचणीची उकल शोधणे, हाच या विकारावरील मुख्य उपचार होय. औदासीन्य दिवसेंदिवस वाढत असेल तर वैद्याला दाखवावे. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नये. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे रात्री-अपरात्रीही बोलता येते.

आणि आपल्या कचेरीत असा कोणी नवागत आला असेल, तर त्याला धीराचे व्याख्यान देऊ नये. दुपारी डबा उघडताना त्याला हाक मारावी.