अमौसीतली पंधरा मिनिटं

मावशी मुलांना गप्प बसवत नाही. “बातें कीजिए, झगड़िए भी, बस दौड़िए मत,” एवढंच सांगते. मुलं सहा-सात वर्षांपासून तेरा-चौदापर्यंतची, पण सगळ्यांना ती ‘आप’च म्हणते. साताऱ्याहून लग्न होऊन लखनौला आली आणि इथलीच झाली. मुलं तिला दादी म्हणतात.

कानपूर रोडवरून आत वळलं की अमौसीतली ही वसाहत लागते. तिच्या मधोमध हे पार्क. गंजलेली घसरगुंडी, अशोकाची रांग, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात पानं झडलेली उंच काटेसावर. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेसात. धुकं अजून पुरतं उठलेलं नाही. पलीकडचा विमानतळ दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

आज ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’चा तिसरा दिवस. अमेरिकेत 1998 साली सुरू झालेली ही चार दिवसांची पक्षीमोजणी भारतात 2013 पासून होते. निदान पंधरा मिनिटं पाहायचं, दिसले-ऐकले ते पक्षी ओळखायचे, मोजायचे आणि यादी ‘ईबर्ड’वर चढवायची. याच रस्त्याने पुढे उन्नाव जिल्ह्यात गेलं की नवाबगंजचं पक्षी अभयारण्य आहे, 2019 पासून रामसर यादीतलं. बदकं पाहायची तर तिकडेच जावं. मी काल तसं सुचवलंही होतं. “तिथले पक्षी मोजायला पुष्कळ माणसं आहेत गं,” मावशी म्हणाली होती, “अमौसीतले कोण मोजणार?”

“शुरू!”

सगळी सावरीखाली धावतात, म्हणजे पळायचं नाही हे पहिल्याच मिनिटाला मोडतं. बरीच बोंडं अजून मिटलेली आहेत, पण वरच्या फांद्यांवर जाड पाकळ्यांची लाल फुलं उघडलीत आणि त्यांतल्या मधावर गर्दी उडाली आहे. एक कोतवाल, दोन बुलबुल, भांडकुदळ साळुंक्यांचा घोळका. एक खारही फुलात तोंड घालून बसली आहे. सगळ्यांत धाकट्याला ती यादीत हवी आहे. “उसके पंख कहाँ हैं?” त्याची ताईच त्याला विचारते.

दुर्बीण एकच आहे. ती हातोहात फिरते आणि प्रत्येकाच्या हातात जेमतेम दहा सेकंद टिकते. हिरव्या स्वेटरमधली मुलगी मात्र ती सोडत नाही. मागच्याने दंडाला ओढलं तरी नाही.

“दादी, इस मैना की आँख लाल है।”

मावशी नाव सांगत नाही. “आणि बाकीच्यांची?” असं हिंदीत विचारते. दुर्बीण पुन्हा वर. बाकीच्यांच्या डोळ्यांभोवती पिवळं आहे, शिवाय त्या तपकिरी आहेत. ही राखी दिसते. आता सगळ्यांना ती पाहायची आहे. चित्रांचं पुस्तक उघडलं जातं, ओल्या बोटांनी पानं उलटली जातात आणि मुलगी स्वतःच चित्रावर बोट ठेवते: गंगा मैना. नदीकाठच्या मातीच्या दरडींत बिळं करून घरटी घालणारी, एरवी बाजारात आणि रेल्वेच्या फलाटावर खाण्यासाठी माणसांच्या पायांत घुटमळणारी. मुलगी ठणकावून सांगते, समोशाच्या गाडीजवळ ही रोज असते.

निसर्गाची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. पृथ्वीमातेपासून सुरू होतात आणि शपथेवर संपतात. इथे शपथ कोणी घेत नाही, मला ते बरं वाटतं.

धुकं विरळ होतं तशा घारी दिसू लागतात. दुभंगलेल्या शेपटीवरून मुलं त्यांना लगेच ओळखतात. एकीच्या पंजात काडी, दुसरीच्या पंजात वायरचा तुकडा. घरट्याचे दिवस आहेत. एक मुलगा आकाशाकडे बोट नाचवत मोठ्याने आकडे म्हणतो आहे. त्याचे वडील विमानतळावर कामाला आहेत. “पापा तो इन्हें पटाखे से भगाते हैं,” तो सांगतो. क्षणभर सगळे थांबतात. आपण मोजतोय त्यांनाच कोणीतरी हाकलतंय, हे कोणाला पटत नाही.

पण हाकलण्याला कारण आहे. इंजिनात घार शिरली तर काय होईल ते मुलांना ठाऊक आहे. विमानतळाभोवती 10 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जनावरं कापायला किंवा पक्षी ओढून आणील असा कचरा टाकायला कायद्याने मनाई आहे. प्रत्यक्षात पार्काच्या फाटकाबाहेरच उकिरडा आहे आणि घारी त्याच्यावरच घिरट्या घालतायत. मावशी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. “किस मौसम में ज़्यादा आते हैं पक्षी? पापा से पूछिएगा,” एवढंच म्हणते.

“बारिश में,” मुलगा ताबडतोब म्हणतो. “घास बढ़ती है, कीड़े निकलते हैं।”

मला हे ठाऊक नव्हतं.

भिंतीवरच्या दिव्याच्या डब्यात चिमण्यांची ये-जा आहे: चार. चिमण्या संपल्या असं आपण सगळेच म्हणतो. 2020 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल सांगतो की देशभराचा विचार करता चिमणी टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे. 2023 चा अहवाल 942 जातींबद्दल बोलतो. त्याच्यामागे तीसेक हजार पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदी आहेत, बहुतेक अशाच हौशी लोकांनी केलेल्या. म्हणून मावशी आकड्याच्या बाबतीत कंजूष आहे.

वेळ संपते आणि घारींवरून जुंपते. मुलगा नऊ म्हणतो, हिरवी स्वेटरवाली सहा.

“एक साथ कितनी देखीं?”

“छह। पर तीन उधर गई थीं!”

“वही तीन लौटकर नहीं आईं, ये कैसे कहेंगे?”

मुलगा निरुत्तर होतो, पण हटत नाही. आकडा पक्का नसेल तर ईबर्डवर नुसती फुलीही टाकता येते, हे त्याला ठाऊक आहे. मग फुलीच टाका, तो म्हणतो. मावशी मान हलवते आणि सहा लिहिते. तो तोंड फुगवून टाकीकडे निघतो, तिथून आकाश जास्त दिसतं म्हणे. मावशी त्याला परत बोलावत नाही. वही-पेन घेऊन त्याच्यामागे जाते, ती त्याच्या हातात देते आणि सांगते, दुसरी यादी तुम्हीच करा. तो ऐटीत वेळ टाकतो, वर पाहतो आणि पहिल्याच ओळीला अडतो. टाकीच्या काठावर बसलेला तो पारवा की होला, यावर आता दोन तट पडलेत.