‘ट्रॅक ०१’ म्हणजे कोण?





गेल्या दिवाळीच्या सुटीत संगीत-कक्षातले जुने कपाट रिकामे केले, तेव्हा एका पेटीत एकेचाळीस कॅसेटी निघाल्या. काही गणेशोत्सवातल्या मैफलींच्या, काही स्नेहसंमेलनांच्या, काही आपल्या एका दिवंगत संगीत शिक्षकांनी घरून आणून दिलेल्या. एका दुकानात देऊन त्या संगणकासाठी उतरवून घेतल्या. पेनड्राइव्ह हाती आला त्यात होते ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’, ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर (२)’. कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या दुकानातच कुठेतरी गळून पडल्या.

त्यातल्या एका फाइलीत कोणीतरी भूप गाते आहे. आवाज खणखणीत, गायकी सरळ आपल्या ग्वाल्हेरची. पण कोणाची, हे मला सांगता येईना. जे सांगू शकतील ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून गौरवले, आपण सर्वांनी पेढे वाटले. आणि आपल्याच पेटीतला आवाज आपल्याला ओळखता येत नाही!

१९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. गाणे जेमतेम तीन मिनिटांचे, पण ते संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत असत. तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा ते कळावे, म्हणून ही युक्ती. आज एमपी३ फाइलीत नाव, वर्ष वगैरे लिहायला जी जागा असते तिला टॅग म्हणतात. गंमत पाहा, १९९६ साली निघालेल्या पहिल्या पद्धतीत ही माहितीही फाइलीच्या अगदी शेवटी, १२८ बाइटांत बसवलेली असे आणि गाण्याच्या नावाला फक्त ३० अक्षरे मिळत. आताच्या पद्धतीत जागा भरपूर आहे, देवनागरीही चालते. तरी ती रिकामीच राहते, कारण भरायचा आपल्याला कंटाळा.

घरोघरी फोल्डर असतात ते चित्रपटाच्या नावाने. सिनेगीतांना ते ठीक. ख्यालाला चित्रपट कुठला? काही मुलांनी रागवार फोल्डर सुचवले. भातखंडे यांनी राग दहा थाटांत लावले, तसे आपणही लावू, असा त्यांचा विचार. विचार चांगला आहे, पण मला पटला नाही. एक तर राग ओळखू न येणाऱ्या फाइली कुठे ठेवायच्या? शिवाय भूप, भूपाली असे दोन फोल्डर होणारच. दुसरी अडचण जास्त मोठी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. मोठा ख्याल रंगात आला की पट्टी संपते, कोणीतरी घाईने बाजू उलटते आणि उरलेला ख्याल मागच्या बाजूला जातो. दोन तुकडे वेगळ्या फोल्डरांत गेले, तर ते एकाच मैफलीचे आहेत हे पुन्हा कळणे कठीण.

म्हणून आम्ही असे ठरवले. ‘मूळ’ नावाच्या फोल्डरात कॅसेटच्या क्रमानेच सर्व राहील: ‘कॅसेट ०७ बाजू अ’, ‘कॅसेट ०७ बाजू ब’. या प्रती डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवायच्या, कारण एमपी३ करताना आवाजाचा काही अंश कायमचा गळतो. यांना कोणी हात लावायचा नाही. ऐकण्यासाठी दुसरा फोल्डर, तो गायकांच्या नावाने. त्यात फाइलीचे नाव राग, ताल, तारीख या क्रमाने.

तारीख वर्षापासून लिहावी, १९८८-०९-१५ अशी, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. तिरपी रेघ तर विंडोज घेतच नाही. एकाआधी शून्य नसेल तर काही यंत्रांवर एकानंतर थेट दहा येतो.

नावांचा घोळ मात्र सर्वांत मोठा. द. वि. पलुस्कर आमच्या संगणकात तीन ठिकाणी निघाले, त्यांतल्या एका ठिकाणी वडिलांच्या, म्हणजे विष्णु दिगंबरांच्या नावाखाली! प्रत्येकाला आदराने ‘पंडित’ लावल्याने सारे गायक ‘प’ खाली गोळा झाले होते. मग पदवी काढायचे ठरले. कोणीतरी उत्साहाने कृष्णराव शंकर पंडितांचे ‘पंडित’ही काढून टाकले. ते आडनाव आहे, हे ग्वाल्हेरच्या मुलांना सांगावे लागले. (माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेव्हा शुद्धलेखनावरून मुलांना मी फार बोलू शकत नाही.)

ज्याचे नाव ठाऊक नाही त्याला अंदाजाने नाव द्यायचे नाही. ‘अज्ञात’ लिहायचे आणि टॅगमध्ये कोण काय म्हणाले तेही लिहायचे. चुकीचे नाव एकदा चिकटले की पुढे कोणी शंका घेत नाही.

संपूर्ण संग्रहाच्या दोन प्रती केल्या आहेत. एक शाळेत, दुसरी एका विश्वस्तांच्या घरी.

पालकांना विनंती की घरातील आजी-आजोबांना शनिवारी प्रार्थनेनंतर संगीत-कक्षात घेऊन यावे. जिना चढावा लागू नये म्हणून खालच्या वर्गात बसण्याची सोय केली आहे. नववीची मुले वही घेऊन शेजारी बसतील. भूप गाणारा तो आवाज पहिल्याच शनिवारी लावणार आहोत.

आपला विनीत,
प्राचार्य