मूल हवंय म्हणून दुखणं अंगावर काढू नका

पेणकरपाड्यातून दहिसर किंवा मीरा रोड स्टेशन गाठून चर्चगेट लोकलमध्ये उभ्या राहणाऱ्या कितीतरी जणींच्या पर्समध्ये मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकाची पट्टी असते. पाळीत पोट दुखायचंच, मूल झालं की थांबेल, असं त्यांना घरी सांगितलेलं असतं. एंडोमेट्रिओसिस असेल तर हे खरं नाही. या आजारात गर्भपिशवीच्या अस्तरासारखी ऊती पिशवीबाहेर, बीजकोशांवर किंवा आतड्यांजवळ वाढते. गरोदरपणात काहींना आराम पडतो, पण दुखणं नंतर परतू शकतं. आजारावर उपाय म्हणून मूल होऊ द्या असा सल्ला देऊ नये, असं युरोपियन तज्ज्ञांची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

‘आता मूल होणारच नाही’ हेही चूक. शक्यता कमी होते, संपत नाही. अनेकींना आपोआप दिवस राहतात. फार दुखतं म्हणजे आजार फार पसरला, असंही नसतं.

खरा पेच औषधांचा. डायनोजेस्टसारख्या संप्रेरकाच्या गोळीने दुखणं कमी होतं, पण ती चालू असेपर्यंत बहुधा बीज सुटत नाही. ‘आधी गोळ्यांनी आजार घालवू, मग मूल’ या हिशेबात फक्त वय वाढतं. गोळ्या थांबवल्यावर दिवस राहण्याची शक्यता त्यामुळे वाढत नाही. गोळी बंद केली की दुखणं परतू शकतं. म्हणून दुखणं सोसत बसायचं का? मुळीच नाही. पाळीच्या दिवसांत वेदनाशामक चालतं. मात्र मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन बीज सुटण्याच्या सुमारास रोज घेतलं तर बीज अडकू शकतं, आणि दिवस राहिल्यावर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. तेव्हा सहसा पॅरासिटामॉल देतात. दिवस राहण्यासाठी प्रयत्न करताना गरम पाण्याची पिशवी आणि ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी यांना अशी आडकाठी नाही.

चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात बीजकोशात होणारी गाठ, दिसली की लगेच काढायची, हीही घाई नको. गाठीबरोबर बीजकोशाचा निरोगी भागही जाऊ शकतो. शस्त्रक्रियेआधी एएमएचची, म्हणजे उरलेल्या बीजसाठ्याचा अंदाज देणारी, रक्ततपासणी करून घ्यावी.

निदान झालेलं असेल तर दिवस राहण्याची वर्षभर वाट पाहत बसू नका. डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत दुखणं आणि मूल, दोन्ही विषय काढा आणि नवऱ्याची वीर्यतपासणीही त्याच आठवड्यात करून घ्या.