नसलेल्या बोटांना स्पर्श

अपघातात हात गमावलेल्या माणसाला मिळणारा आधुनिक कृत्रिम हात स्नायूंतील सूक्ष्म विद्युतसंकेत ओळखून मूठ उघडतो आणि मिटतो. परंतु मुठीतली वस्तू मऊ आहे की कठीण, घट्ट धरली गेली आहे की निसटत आहे, हे तो हात वापरणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे चहाचा कागदी कप उचलताना नजर सतत बोटांवर खिळवून ठेवावी लागते आणि ती जरा ढळली, की कप चेपतो किंवा सुटून पडतो. असे हात वापरणे अनेक जण पुढे सोडून देतात, त्यामागे स्पर्शाचा हा अभाव हे एक महत्त्वाचे कारण आहे.

वास्तविक स्पर्शाची वाट पूर्णपणे बंद झालेली नसते. हात गेला तरी त्याच्याकडून मेंदूकडे संवेदना नेणारे मज्जातंतू उरलेल्या भागात शाबूत असतात आणि मेंदूतील हाताची जागाही पुसली जात नाही. म्हणूनच नसलेली बोटे आहेत असे वाटते, ती खाजतात, दुखतात. अमेरिकी यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वीअर मिचेल यांनी या अनुभवाला ‘फॅन्टम लिंब’, म्हणजे भासमान अवयव, असे नाव दिले. उरलेल्या हाताच्या त्वचेवर नेमक्या जागी चिकट इलेक्ट्रोड लावून काही मिलिअँपिअरचे क्षणिक विद्युतस्पंद सोडले, तर खालचा मज्जातंतू उत्तेजित होतो आणि मुंग्या येणे, दाब किंवा टोचणे ही संवेदना त्या नसलेल्या बोटांत उमटते. मज्जातंतूभोवती शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवल्यास अधिक नेमकी संवेदना मिळते हे खरे, पण त्वचेवरच्या पद्धतीत चिरफाड नसते, आणि खर्चाचा विचार करता हीच वाट अधिक लोकांपर्यंत पोहोचू शकेल.

मुंबईच्या आयआयटीतून 1974 मध्ये पदवी घेतलेले नितीश ठाकोर आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी जून 2018 मध्ये ‘सायन्स रोबोटिक्स’ या नियतकालिकात या दिशेने केलेले एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. मानवी त्वचेच्या थरांचे अनुकरण करून त्यांनी रबर आणि दाबाला प्रतिसाद देणारे कापड यांचे आवरण तयार केले व ते कृत्रिम हाताच्या बोटांवर चढवले. वस्तू गोलसर आहे की टोकदार, हे त्यातील संवेदक ओळखत आणि त्यानुसार स्पंदांची लय बदलून ती मज्जातंतूंपर्यंत पोहोचवली जाई. टोकदार वस्तू लागताच सौम्य वेदना जाणवे आणि हात ती वस्तू आपोआप सोडून देई.

मुद्दाम वेदना देणे विचित्र वाटेल, पण वेदना हे शरीराचे संरक्षण आहे. कुष्ठरोगात बोटे झिजतात ती बरीचशी न दुखणाऱ्या, म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या जखमांमुळे, हे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये दाखवून दिले होते. मधुमेहातही मज्जातंतू बधिर होऊ शकतात, मग पायातला खडा कळत नाही, जखम चिघळते आणि कधी कधी अखेरीस पाय कापावा लागतो.

म्हणूनच मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या ओमानसारख्या देशात हा विषय वेगळे वळण घेतो. तेथे 2017 च्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सुमारे 15 टक्के आढळले. त्यामुळे तेथे या तंत्राचा विचार हातापुरता न ठेवता पायासाठीही करावा लागेल. शिवाय मधुमेहाने उरलेल्या पायातील मज्जातंतूच क्षीण झालेले असतील, तर त्यांना उत्तेजित करून नसलेल्या तळव्यात संवेदना जागवणे कठीण जाते. अशा वेळी कृत्रिम तळव्याखालील दाबाची खूण मांडीसारख्या संवेदना शाबूत असलेल्या जागेवर द्यावी लागते आणि तिचा अर्थ सरावाने शिकावा लागतो.

दुसरी अडचण उष्म्याची. जून 2018 मध्येच ओमानच्या किनाऱ्यावरील कुरियात येथे चोवीस तासांत पारा 42.6 अंशांखाली उतरला नव्हता. घामाने इलेक्ट्रोड सुटतो, त्वचेचा विद्युतरोध बदलतो, आणि सकाळी हलकी जाणवलेली टोचणी दुपारी नाहीशी होते किंवा चटका देते. वातानुकूलित प्रयोगशाळेत मिळालेले यश अशा हवेत टिकेलच असे नाही, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यालाही हे तितकेच लागू पडते. म्हणून मस्कतचे सुलतान काबूस विद्यापीठ असो वा 1944 पासून कार्यरत असलेले पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र, अशा संस्थांनी या उपकरणांच्या चाचण्या मधुमेही रुग्णांवर, ऐन उन्हाळ्यात आणि त्यांच्या रोजच्या कामाच्या जागी घ्यायला हव्यात.