बाळंतपणाच्या नोंदी आणि पॅरासिटामॉल

गरोदरपणात थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या स्त्रियांची हजारो मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. त्या धक्क्यानंतर १९६७ साली नॉर्वेने देशातल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवायला सुरुवात केली, १९७३मध्ये स्वीडननेही. स्वीडनमध्ये १९४७पासून प्रत्येकाला ओळख क्रमांक असतो. त्याच्या आधारे आईच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मुलाचे पुढचे आजार एकमेकांशी जोडता येतात. गरोदर स्त्रियांवर औषधांचे प्रयोग सहसा करता येत नाहीत, म्हणून या नोंदींना मोल आहे.

गरोदरपणी पॅरासिटामॉल घेतल्याने मुलात स्वमग्नता येते का, हा प्रश्न असाच तपासला गेला. १९९५ ते २०१९मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेल्या सुमारे २४.८ लाख मुलांच्या नोंदींत गोळी घेतलेल्या मातांच्या मुलांना धोका किंचित जास्त दिसला. पण गोळी कुणी हौसेने घेत नाही. ताप, अर्धशिशी, अंगदुखी असते म्हणून घेतली जाते. ही दुखणी किंवा आनुवंशिकताच खरे कारण असू शकते. म्हणून सख्ख्या भावंडांची तुलना केली गेली: एकाच्या वेळी आईने गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. फरक नाहीसा झाला. २०२४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

नोंदीत न उतरलेले मात्र हिशेबात येत नाही. या अभ्यासात जेमतेम साडेसात टक्के मुलांच्या बाबतीत पॅरासिटामॉलची नोंद होती. डोके दुखले म्हणून घरातल्या डब्यातून काढून घेतलेली एखादी गोळी महिन्याभराने नोंद घेणाऱ्या सुईणीला सांगायची राहूनच जाते.